बिनमांडवाचं गाणं

परवा २५ जानेवारीला रात्री भाच्याचा ग्लासगोहून फोन आला. शिकायला गेलाय तिकडे. मागे प्रचंड गलका, आणि हा ओरडून सांगतोय, "मावशी, हे लोक मटणासमोर उभं राहून कविता म्हणतायत!"

मला वाटलं, पोरगं थट्टा करतंय. पण त्याने कॅमेरा फिरवला तर खरंच तसं होतं. ताटात फुगलेला एक गोळा, समोर घागऱ्यासारखं काहीतरी नेसलेला एक गृहस्थ, हातात सुरी, आणि तो त्या गोळ्याला उद्देशून अगदी हातवारे करून कविता म्हणतोय. बाकीचे टाळ्या वाजवतायत. मध्येच त्याने सुरी खुपसली, वाफ उसळली, पुन्हा टाळ्या.

मग भाच्याने समजावलं. तो गोळा म्हणजे हॅगिस. मेंढीचं काळीज, हृदय, फुफ्फुस बारीक करून त्यात ओटचं भरड पीठ, कांदा, मसाला घालायचा आणि मेंढीच्याच कोथळ्यात भरून शिजवायचं. म्हटलं, "अरे, म्हणजे आपली वजडीच की!" तो हसला. कविता रॉबर्ट बर्न्सची. बर्न्स १७५९ साली २५ जानेवारीला जन्मला, सदतीस वर्षांचा होऊन गेला. शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः शेती केलेला. तो गेल्यावर पाच वर्षांनी, १८०१ मध्ये, त्याच्या मित्रांनी त्याच्या आठवणीत एक जेवण केलं. तेव्हापासून हे जेवण चालूच आहे. आणि कविता कुठल्या भाषेत? चांगल्या इंग्रजीत नाही, स्कॉट्समध्ये. म्हणजे ज्या भाषेला शाळेत कित्येक पिढ्या 'बिघडलेलं इंग्रजी' म्हणून छड्या मिळाल्या, त्या भाषेत.

फोन ठेवला आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण मटणाला कविता म्हणणारी माणसं मला विचित्र वाटली नव्हती. मला आमची आजी आठवली होती.

आजी धवलारीण होती. आमच्याकडे, म्हणजे पनवेल-उरणच्या आगरी गावांतून, लग्नात धवले म्हणणारी बाई. आमच्या गव्हाणमध्येही तेच. भटजी अंतरपाट धरायला यायचे, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं लग्न धवलारणीच्या हातात. मुहूर्तमेढ रोवली की तिला धवला. हळद दळायला घेतली की हळदीला धवला. तेल, पाणी, तांदूळ, कलश, सगळ्यांना धवला. गावदेवीला, कुलदेवीला, घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवायचं तेही धवल्यातूनच. आजी एक ओळ म्हणायची, शेजारची म्हातारी ती झेलायची. चाल संथ, एकसुरी. लहानपणी ते ऐकता ऐकता मी कितीदा तरी मांडवात झोपून गेले असेन. एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं. आजीला लिहिता येतच नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी पनवेलला कॉलेजात होते. चुलतबहिणीच्या हळदीला माझ्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. चांगलं, छापील मराठी बोलणाऱ्या. आजीने धवला सुरू केला. पानी, कलस, धवला... सगळे 'ण' आणि 'ळ' गायब. मैत्रिणी काही बोलल्या नाहीत, पण एकमेकींकडे बघून हसल्या. मी आजीजवळ गेले आणि कानात म्हटलं, "आजी, जरा हळू म्हण ना."

आजीने माझ्याकडे पाहिलं आणि गाणं मध्येच थांबवलं. दुसऱ्या म्हातारीने पुढचं कसंबसं ओढून नेलं.

आजी काही रागावली नाही. पुढेही लोकांच्या घरी धवले म्हणत राहिली. पण मी असले की तिचा आवाज उतरायचा. ती गेली तेव्हा घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही सिनेमाची गाणी रेडिओवरून भरून घ्यायचो. एक कॅसेट आजीसाठी वापरावी हे घरातल्या एकाही शिकलेल्या माणसाला सुचलं नाही. मला तर नाहीच नाही.

असो.

पुढे नोकरी फोर्टात लागली. जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला टाऊन हॉलपर्यंत जायची सवय लागली. त्या उंच पायऱ्या चढून गेलं की एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह. तिची सुरुवात १८०४ साली 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' म्हणून झाली आणि ती केली जेम्स मॅकिंटॉश नावाच्या न्यायाधीशाने. तो स्कॉटलंडचा, इन्व्हर्नेसच्या बाजूचा. तेव्हा हे काही माझ्या डोक्यात नव्हतं, आता जुळवून बघते तेव्हा गंमत वाटते.

अशाच कुठल्याशा वाचनात महदाइसा भेटली. शाळेत एका ओळीत शिकलो होतो: आद्य मराठी कवयित्री, तेराव्या शतकातली, महानुभाव पंथाची, काव्य 'धवळे'. परीक्षेत एक मार्क. पण हे 'धवळे' म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा भक्तांनी मांडला, त्यात महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी म्हटली, ते हे धवळे. धवळे म्हणजे लग्नात बायकांनी म्हणायची गाणी!

मी पुस्तक तसंच उघडं ठेवून बसले. धवळे. धवले. ळ चा ल झालाय एवढाच काय तो फरक. आजीची गाणी थेट महदाइसेकडून आली असं माझं म्हणणं नाही, तसं म्हणायला हातात काही पुरावा नाही. पण जे नाव मराठी कवितेच्या पहिल्या पानावर आहे, ते नाव आणि तो प्रसंग आमच्या मांडवात शिल्लक होता. आणि मी तिला हळू म्हण म्हणून सांगितलं होतं.

महदाइसेचे धवळे टिकले कारण महानुभावांनी ते लिहून ठेवले. पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत जपल्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे वगैरे मंडळींनी ती लिपी उलगडली आणि ते सगळं साहित्य बाहेर आलं. त्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्या दाव्यातही जुन्या महानुभाव ग्रंथांचा आधार होताच. आमच्या आजीला पोथी नव्हती, पंथ नव्हता. होती फक्त एक नात, कॉलेजात जाणारी.

मग मला खूळच लागलं. लायब्ररीत आगरी कुठे कुठे सापडते ते बघायचं. गॅझेटियरमध्ये सापडली ती जात म्हणून: भात पिकवणारे, मीठ काढणारे, खाडीकाठी राहणारे. घरं कशी, खाणं काय, लग्नं कशी. बाहेरून बघणाऱ्याने लिहिलेलं, पण मेहनतीने लिहिलेलं. मग ग्रियर्सनचं भाषा-सर्वेक्षण. त्याचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा. त्यात कोकणपट्टीच्या बोलींमध्ये आगरी आहे, कोळी आहे. तिथे मी पहिल्यांदा वाचलं की 'ड' चा 'र' होणं, 'ण' चा 'न' होणं, 'ळ' चा 'ल' होणं ही या बोलींची वैशिष्ट्यं आहेत. वैशिष्ट्यं! शाळेत 'घोरा' आणि 'गारी' म्हटल्यावर अख्खा वर्ग हसायचा, तेव्हा ती चूक होती. इथे तोच प्रकार नियम म्हणून छापलेला.

त्या सर्वेक्षणात सगळ्या बोलींसाठी नमुन्याची एकच गोष्ट ठरवलेली होती, म्हणजे तुलना करता यावी. बायबलमधली उधळ्या मुलाची. धाकटा मुलगा बापाला म्हणतो, माझ्या वाट्याचं मला आत्ताच दे. वाटा घेऊन परदेशी जातो, उडवतो, उपाशी मरायची पाळी येते तेव्हा घर आठवतं. निवडणाऱ्यांच्या मनात काही नसेल, सोयीची गोष्ट म्हणून निवडली असेल. पण आमच्या भागातल्या माणसाने ती वाचली तर घशात आवंढा येतो. १९७० साली सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या मुंबईत गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. आणि मग घराघरात वाटण्या. कुणी जपलं, कुणी उडवलं. त्या गोष्टीतल्या मुलाला परत जायला बापाचं घर तरी होतं. आमच्याकडे खाजण भरून गेलं, आगरं गेली, बांध आणि उघाडी हे शब्द वापरायला जागाच राहिली नाही. आता गावाच्या बाजूने अटल सेतू उतरतो, डोक्यावरून विमानं जातात. मी त्याच्या विरोधात नाही, मीही त्या पुलावरून जातेच. पण जमीन गेली त्याचा सातबारा होता, मोबदला होता, मोर्चा होता. बोली गेली तर कशाचा मोर्चा काढणार?

भाच्याच्या फोननंतर मी पुन्हा वाचायला लागले, या वेळी स्कॉटलंडचं. बर्न्स नुसता कवी नव्हता, गाणी गोळा करणारा होता. एडिंबरात जेम्स जॉन्सन नावाचा माणूस जुन्या स्कॉटिश गाण्यांचे खंड काढत होता. १७८७ ते १८०३ मध्ये सहा खंड निघाले आणि त्यात बर्न्सने शेकडो गाणी पुरवली. काही जशीच्या तशी, काही डागडुजी करून, काही स्वतः रचून. ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता जगभर हात धरून जे 'ऑल्ड लँग साइन' म्हणतात, तेही एका म्हाताऱ्याच्या तोंडून उतरवून घेतलं असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्याच चालीवर रवींद्रनाथांनी बंगालीत 'पुरानो शेई दिनेर कोथा' केलं. कुणा अनाम म्हाताऱ्याचं गाणं, एकाने कागदावर घेतलं म्हणून कुठे कुठे पोचलं बघा.

पुढे १९५१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज' निघालं. तिथली माणसं टेपरेकॉर्डर घेऊन शेतांवर, भटक्यांच्या तळांवर गेली. १९५३ मध्ये हॅमिश हेंडरसनला अ‍ॅबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन भेटली. भटक्या समाजातली, साध्या घरात राहणारी बाई. गावातल्या प्रतिष्ठितांनी उंबऱ्यात उभी केली नसती अशी. तिच्याजवळ आईकडून आलेल्या जुन्या गाण्यांचं भांडार होतं. ते टेपवर आलं. तशी हजारो ध्वनिमुद्रणं आज कुणीही घरबसल्या फुकट ऐकू शकतं. १९८४ मध्ये एडिंबरात फक्त कवितेसाठी म्हणून एक लायब्ररी सुरू झाली. १९८४. आमच्याकडे त्या सालाचं नाव काढलं की दुसरंच आठवतं. २०११ च्या जनगणनेत तिथे पहिल्यांदा विचारलं, स्कॉट्स येते का? पंधरा लाखांवर लोक 'येते' म्हणाले. आणि २०२५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून गेलिक आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा दिला.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. उगाच स्वतःला झोडपून घेण्यात अर्थ नाही. घाटग्यांनी साठच्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकं काढली, त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या महाडची कुणबी बोली आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाच्या वर! त्या आता गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात आगरी आहे. डेक्कन कॉलेजने बोलींचं ध्वनिमुद्रण केलंय.

मग आम्ही काय केलं? गावातल्यांनी?

लोक म्हणतील, आगरी तर जोरात आहे! हळदीला डीजेवर दुसरं काय वाजतं? यूट्यूबवर आगरी-कोळी गाण्यांना लाखोंनी बघणारे आहेत. संमेलनं होतात, महोत्सव होतात. खरं आहे, आणि मला त्याचा आनंदच आहे. माझ्या वेळची लाज आताच्या पोरांना वाटत नाही, ही मोठीच गोष्ट. पण नाचायचं गाणं जगलं म्हणून धवला जगतो असं नाही. धवल्यावर नाचता येत नाही. तो ऐकायला मांडवात शांतता लागते, आणि हळदीच्या रात्री शांतता हीच सगळ्यात महाग वस्तू झाली आहे. गेल्या वैशाखात एका लग्नात मी पाहिलं, धवलारीण एका कोपऱ्यात ओठ हलवत होती आणि शेजारी भिंतीएवढे स्पीकर. नवरीलाही ऐकू येत नसेल. देवांना ऐकू आलं असेल तर असो.

तीच एक काकी आमच्या बाजूला आता उरली आहे. सत्तरी कधीच ओलांडलेली. फोननंतरच्या रविवारी मी मोबाइल घेऊन तिच्याकडे गेले. म्हटलं, काकी, तुझे धवले भरून ठेवू. ती पान लावत होती. म्हणाली, "बाय, मांडव नाय, नवरी नाय, मी धवला कशाला म्हनू?"

मी समजावलं. रेकॉर्डिंग, लायब्ररी, पुढची पिढी. तिने शांतपणे ऐकून घेतलं. पण बधली नाही. लग्न नसताना धवला म्हटला तर देव येतात आणि मांडव शोधत फिरतात, असं तिचं म्हणणं.

सुरुवातीला मला वैताग आला. घरी येताना मात्र तिचं पटत गेलं. ती अडाणीपणा करत नव्हती. गाणं आणि प्रसंग हे तिच्या लेखी वेगळे नाहीतच. आपण लायब्ररीवाले गाणं प्रसंगातून काढून बरणीत भरून ठेवतो आणि त्याला जतन म्हणतो. जीनी रॉबर्टसनच्या टेपा छान आहेत, पण स्कॉटलंडमध्ये बर्न्स जिवंत आहे तो २५ जानेवारीच्या जेवणामुळे. ताट आहे, सुरी आहे, माणसं जमली आहेत, म्हणून कविता आहे. नुसती पुस्तकात असती तर तिलाही परीक्षेत एक मार्क मिळाला असता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. विद्यापीठं, सरकार यांची वाट बघू नये. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगावी वाचनालयं झाली. त्यांच्या कपाटांत कादंबऱ्या आहेत, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आहेत. एक कप्पा गावाच्या आवाजाचा असायला काय हरकत आहे? धवले, होळीची गाणी, गौरीच्या रात्रीची गाणी, पाळणे. लग्नघराने व्हिडिओवाल्याला एवढंच सांगायचं की धवलारीण म्हणते तेवढा अर्धा तास डीजे बंद, आणि माइक तिच्याजवळ. त्याची एक प्रत वाचनालयात. सोबत कागदावर तिचं नाव, माहेर, सासर, तारीख, कुठल्या विधीचा धवला. नाव लिहायला विसरायचं नाही. आमच्या आजीचं नाव कुठल्याच कागदावर नाही, मतदार यादी सोडली तर. आणि शब्द जसे म्हटले तसेच लिहायचे. 'पानी' म्हटलं तर 'पानी'. शुद्ध करायला जाऊ नये.

हे सगळं मी चार दिवसांनी काकीला जाऊन सांगितलं. लग्नाची तारीख लागली की मी येते, तोवर नाही त्रास देत, म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पानाची शीर काढता काढता म्हणाली, "तुलशीला मांडव असतो ना, बाय."

मी बघतच राहिले. कार्तिकात दारोदार तुळशीचं लग्न लागतं. उसाचा मांडव, अंतरपाट, नवरी, नवरा, सगळं असतं. देवांनी मांडव शोधत फिरायचा प्रश्नच नाही. डीजे नसतो. पोरं असतात, चुरमुरे-बत्तासे असतात. आणि त्यानंतरच माणसांच्या लग्नांचे दिवस सुरू होतात.

तर यंदा कार्तिकात तुळशीच्या लग्नाला काकी आमच्या अंगणात धवला म्हणणार आहे. माझा मोबाइल असेल, आजूबाजूच्या पोरी असतील. दुसऱ्या ओळीला झेलायला कुणी नाही म्हणून तिने मला सांगितलंय, तू बस बाजूला. मला एकही धवला धड येत नाही. शिकायला नऊ-दहा महिने आहेत. आता रोज संध्याकाळी तिच्याकडे जाते. गाऊन दाखवत नाही ती, नुसते शब्द सांगते. काल मी सवयीने 'धवळा' म्हटलं, तर तिने मला थांबवलं.

"धवला," ती म्हणाली. "नीट म्हन."